आईच्या पायांसाठी बसवलेला हीटर

जालन्यात गाडीला हीटर म्हणजे टकल्याला कंगवा, असं आमचे शेजारी म्हणायचे. पण वडिलांनी हैदराबादेहून आणलेल्या जुन्या विलायती गाडीला तो होता, आणि गाडीत जे जे आहे ते चाललंच पाहिजे असा त्यांचा हट्ट. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सांभाळून अख्खा रविवार ते गाडीखाली काढत. ही तुझी सवत आहे, असं मी आईला चिडवायचे. ती हसायची. मला फारसं हसू यायचं नाही, कारण पाना-पक्कड हातात घेऊन शेजारी उभं राहायचं काम माझ्याकडे होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मी कॉलेजात असताना, आईचे पाय गार पडायला लागले. साखरेचा आजार तिला जुनाच. गोळ्या घ्यायची आणि सणाला पुरणपोळीही खायची. भर दुपारी पायांवर गोधडी ओढून बसायची. विचारलं तर पाय गार पडतात एवढंच सांगायची. आम्ही मोजे आणले, तेल चोळलं. वडिलांना मात्र हीटर आठवला.

पौषात, शाकंभरी पौर्णिमेला, आई पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला जायची. देवीला निघायचं ते घरातूनच अनवाणी, ही तिच्या माहेरची रीत. ऐन थंडीत, पहाटे. यंदा हिचे पाय गरम राहिले पाहिजेत, असं वडिलांनी मनावर घेतलं.

हीटर कित्येक वर्षं बंद होता. इंजिनातलं तापलेलं पाणी पुढे बसणाऱ्याच्या पायांपाशी असलेल्या एका छोट्या जाळीतून फिरतं आणि पंखा तिच्यावरून हवा आत ढकलतो, एवढीच त्याची करामत. आमची जाळी तांब्या-पितळेची, पार कुजलेली. रेडिएटरवाल्या मिस्त्रींनी तिला डाग देऊन देऊन हात टेकले. तशी दुसरी कुठे मिळेना, तेव्हा त्यांनी एका नव्या गाडीची ॲल्युमिनियमची जाळी ठोकून-ठाकून बसवली. जन्मभर पितळ हाताळलेला माणूस. जाळीच्या तोंडावर पाण्याची नळी धरून ठेवणारी क्लिप त्यांनी पितळेवर आवळतात तशीच आवळली, आणि घरी आल्यावर वडिलांनी तिला आणखी एक पीळ दिला. ॲल्युमिनियम मऊ असतं, जास्त आवळलं की त्याचं तोंड तडकतं, हे दोघांनाही नंतर कळलं. शिवाय पाणी गळू नये म्हणून वडिलांनी रेडिएटरमध्ये हळद टाकली. आमच्याकडचे ड्रायव्हर हा उपाय करतातच, आणि देवीला जाताना हळद शुभच.

पौर्णिमेला अंधार असतानाच निघालो. आई पुढे, पायांवर शाल. मी मागे. राजूर सोडल्यावर वडिलांनी मोठ्या हौसेनं हीटर सुरू केला आणि विचारलं, "गरम येऊन राह्यलं का?"

"येऊन राह्यलं की," आई म्हणाली.

काचा आतून धुरकटायला लागल्या. वडील फडक्यानं पुसत राहिले, बाहेर थंडी किती आहे ते सांगत राहिले. इंजिनाचा काटा वर सरकला, तो जुन्या गाडीचा स्वभाव म्हणून त्यांनी सोडून दिला. मलाही ओल्या हळदीचा वास आला होता. पूजेच्या ताटातला असेल असं मी धरलं. भोकरदनच्या पुढे त्यांनी पुन्हा विचारलं, आईनं पुन्हा हो म्हटलं. तेव्हा शालीखाली, जाळीच्या तडकलेल्या तोंडातून, उकळतं पाणी तिच्या पावलांवर पडत होतं.

देवळापाशी ती उतरली तेव्हा पावलं पिवळीजर्द. ओटी घेऊन आलेल्या एका बाईला वाटलं, हिनं पायांना हळद लावली आहे. ती वाकून पाया पडली. आई तिला आशीर्वाद देऊन पायऱ्या चढायला लागली. मी मागे होते. पायरीवर आधी ओलं दिसलं, मग तिच्या टाचेची सुटलेली कातडी दिसली. मी तिचा दंड घट्ट धरला.

"काय झालं गं?" तिनं अगदी सहज विचारलं.

जालन्याला डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि टाचणी टोचली की बोल म्हणाले. ती शहाण्या मुलीसारखी डोळे मिटून वाट बघत बसली. डॉक्टर टोचत होते. वडील बघत होते, मी बघत होते. ते गार पडणं म्हणजे पाय बधिर होत जाणं होतं, आणि आम्ही मोजे आणत बसलो होतो.

बाहेर आल्यावर वडिलांनी तिला विचारलं, "मंग मी इचारलं तवा गरम येऊन राह्यलं, असं कशाला म्हणालीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं बसवलं," आई म्हणाली. "न्हाई कसं म्हणू?"

जखमा भरता भरता उन्हाळा सरला. डाव्या पायाची बोटं काढावी लागली. पायातली जाणीव आता परत येणार नाही, हे डॉक्टरांनी आम्हा तिघांनाही स्पष्ट सांगितलं होतं. तरी वडील रोज सकाळी पट्टी बदलायला बसले की तिची टाच हलकेच दाबून विचारायचे, लागतंय का?

आई म्हणायची, लागतंय. कधी कधी तर त्यांचा हात पायापर्यंत पोचायच्या आधीच म्हणायची.