शेंदरी रंगाचा धोंडा

मुलुंडच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यात श्यामकांत गुप्ते दगड रंगवायचा. नोकरीच ती. ओढ्यावर पूल व्हायचा होता, आणि पुराचं पाणी केवढाले धोंडे हलवतं हे कचेरीला हवं होतं. उन्हाळ्यात दगड रंगवायचे, पावसाळ्यानंतर शोधत फिरायचं. रंग हाताशी होता तोच, लोखंडी तुळयांना लावतात तो शेंदरी.

चोपन्न सालचा पावसाळा संपला. बारीक खडी कुठल्या कुठे गेली होती. मोठे धोंडे मात्र एकमेकांत अडकून जागच्या जागी होते. एकच नव्हता. तो त्याला पार खाली सापडला, उतार संपून ओढा पसरतो त्या सपाटीवर. गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात फुटलेला नारळ.

शेजारीच काशीरामने नवी झोपडी घातली होती. तो खाणीत खडी फोडायचा. बायको भागी पोटुशी होती.

"देव आपल्या पायांनी आला, भाऊ," ती म्हणाली. "इथं थांबला. आता पाणी काय त्याला ओलांडून येतंय?"

श्यामकांतला ठाऊक होतं, उतार संपला की पाण्याचा जोर मोडतो, आणि डोंगरातून लोटत आणलेलं ओझं ते तिथेच टाकतं. वरचे धोंडे एकदा सुटले की सगळे ह्याच सपाटीवर यायचे. पण हे सांगितलं तर लोक हसतील, कदाचित मारतीलही. भागीला मुलगा झाला तेव्हा बारशाच्या घुगऱ्याही त्याने तिथे बसून खाल्ल्या.

वैशाख सरत आला तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"काशीराम, हा रंग मी लावलाय रे. धोंडा पाण्याने आणलाय."

"आणि तुम्हाला रंग लावायची बुद्धी कुणी दिली?" काशीराम म्हणाला. "पाणी काय तुमच्या सायबाच्या हुकमानं चालतं?"

भागी तोंडाला पदर लावून हसली.

काही दिवसांनी तो परत गेला. मान खाली घालून म्हणाला, "देव स्वप्नात आला होता. मला टेकाडावर न्या म्हणाला. तुम्हीही चला म्हणाला."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. पहारी आल्या, धोंडा वर चढला, मागोमाग झोपडीही.

श्रावणात ओढा फुगला. दगडावर दगड आपटल्याचा गडगडाट टेकाडावर ऐकू येत होता, पायाखालची जमीन थरथरत होती. पाणी ओसरलं तेव्हा झोपडीच्या जुन्या जागेवर पुरुषभर उंच धोंड्यांची रास होती. काशीराम श्यामकांतच्या पाया पडला. श्यामकांतने पाय मागे घेतले, तर तो आणखी वाकला.

पुढे एकदा भागीने त्याला निरोप धाडून बोलावून घेतलं. झोपडीत पोर तापाने फणफणलं होतं. बाजूला तिने सतरंजी अंथरून ठेवली होती, वर उशीसुद्धा.

"भाऊ, जरा झोपा ना. देव काय म्हणतो बघा."

श्यामकांतने पोराला उचललं. अंग भाजत होतं.

"दवाखान्यात न्या म्हणालाय."

"कधी म्हणाला?"

"आत्ताच. वाटेत."

भागीने धोंड्याकडे बघून हात जोडले आणि त्याच्यामागे निघाली. टेकाड उतरताना श्यामकांतच्या ध्यानात आलं, ह्या खेपेला खोटं बोलताना त्याची मान खाली गेली नव्हती.