पापणी न लवणारा सरपंच

फौजीकाकांची पापणी लवत नसे. तोंडासमोर टाळी वाजवा, ओला पंचा झटका, चेंडू भिरकावा. डोळे उघडे ते उघडेच. लडाखच्या छावणीत, गोठलेल्या तळ्यावर त्यांच्या पलटणीचा आइस हॉकीचा संघ होता आणि हे त्याचे गोली, म्हणजे गोलरक्षक. रबराची जाड चकती दगडासारखी अंगावर यायची आणि हे जाळ्यापुढं उभे. ताडकळसजवळच्या आमच्या गावानं बर्फ पाहिलेला तो फक्त उसाच्या रसातला. त्यामुळं हा माणूस पेन्शनीत परतला तेव्हा हॉटेलात त्याच्या डोळ्यांपुढं टाळ्या वाजवायला गर्दी व्हायची. पुढं सरपंच होऊन धडधडीत खोटं बोलतानाही ती पापणी तशीच राहिली.

बोलणं सगळं गोलीचं. लग्न जुळवायचं असो की बैल घ्यायचा असो, म्हणायचे, "माणसाच्या डोळ्याकडं बघायचं न्हाई. डोळे फसवतेत. चकतीकडं बघायचं." पण एक काम त्यांनी असं केलं, की मी आजही ते नाकारू शकत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना ते गावच्या मैदानावर पहाटे पळवायचे. मुलींना पळायला शिकवणारा दुसरा माणूस आमच्या गावात झाला नाही. त्या मुलींतल्या रुक्मिणीच्या घरी मेंढरं. बाप म्हणाला, पोरगी पळाली तर कळपामागं कोण जाईल? फौजीकाका त्यांच्या वाड्यावर, मेंढरांच्या वासात, रोज संध्याकाळी जाऊन बसले. बाप कंटाळून हो म्हणाला.

म्हणून निवडणुकीत त्यांची पत्रकं मी लिहिली. 'ज्यानं पलटणीचं जाळं राखलं, तो गावाचं मैदान राखील.' घरोघर मीच वाटली.

निवडून आल्यावर वर्षभरात ग्रामपंचायतीतली त्यांची खुर्ची बघवेना. कुणी गटाराचं गाऱ्हाणं आणलं की चकती अंगावर अडवल्यासारखी छातीवर थाप मारून म्हणायचे, "लागलं." समोरचा थांबला की पुढं, "पन आत गेलं न्हाई." भोवतीची चार टाळकी हसायची. एकदा एक म्हातारी नळाला गढूळ पाणी येतं म्हणून तांब्या भरूनच घेऊन आली. तिलाही तेच उत्तर. सगळे हसले, आणि आपलं काही चुकलं की काय अशा चेहऱ्यानं तीही हसली. 

मग मैदानावर गाळे काढायचं निघालं. गाळे कुणाला मिळणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एक मेव्हण्याचा, बाकीचे खुर्चीभोवती हसणाऱ्यांचे. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता. मैदान वाचवू पाहणारे आम्ही काहीजण तो हाणून पाडायच्या तयारीत असताना काकांनी मला घरी बोलावलं, काकूंकडून चहा दिला आणि आवाज उतरवून सांगितलं, की मलाही वरून दाब आहे. तुम्ही सभेला येऊच नका. कोरम भरला नाही की सभा होत नाही, अन् मग ठराव कशाचा?

मी बहिष्काराचं पत्रक काढलं. सभा बाजारच्या दिवशी ठेवली होती. निम्मं गाव ताडकळसला गेलं, उरलेलं दारं लावून बसलं. सभा तहकूब झाली. आम्ही मैदानावर गुलाल उधळला. आठवड्यानं कळलं, तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागतच नाही. त्यांची माणसं बसली, हात वर झाले, मैदान गेलं.

मी जाब विचारायला गेले तेव्हा ते ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. लाजले नाहीत. उलट मूठभर शेंगा माझ्यापुढं केल्या.

"जाळ्याचा एक कोपरा मुद्दाम उघडा ठेवायचा असतोय," ते म्हणाले. "मारणाऱ्याला वाटतं, गावला. तो तिथंच मारतो, अन् आपला पाय आधीच तिकडं निघालेला असतोय. तू लय जोरात मारलंस, पोरी. पत्रक झकास होतं."

ती शाबासकी खरी होती. अंगावर कुणी पिंक टाकावी तशी ती मला लागली. त्यानंतर मी त्या ओसरीची पायरी चढले नाही.

मैदानावर आता खांब उभे आहेत. मुली कालव्याकडच्या कच्च्या रस्त्यानं पळतात. उसाची ट्रॉली आली की काट्यात उतरतात. भरती तोंडावर आली होती आणि रुक्मिणी वेळेत बसत नव्हती. वयानं ही तिची शेवटची खेप. हुकली तर मेंढरं आणि लग्न. काकांच्या जागी आता घड्याळ माझ्या हातात होतं, पण ती कुठं कमी पडते हे मला कळत नव्हतं.

अशा एका सकाळी फौजीकाका मोटारसायकलवर आले. गाडी उभी केली, रुक्मिणीची एक फेरी बघितली आणि ओरडले, "रुक्मे, मुठी सोड. खांदे वर चाललेत."

"लक्ष देऊ नको," मी म्हणाले.

तिनं मुठी सोडल्या. खांदे खाली आले. पाऊल लांब पडायला लागलं, बाकीच्या मुली मागं पडल्या आणि ती बाभळींच्या वळणाआड गेली.

"बघायलीस का?" काका म्हणाले. "तुझं ऐकली असती तर?"

त्या माणसाशेजारी उभं राहण्याचीही मला शिसारी येत होती. पण ती परत येईपर्यंत आम्ही दोघं वळणाकडं डोळे लावून तिथंच उभे होतो, आणि त्याचं म्हणणं खरं निघावं असंच मला वाटत होतं.