आक्काच्या खोलीचं छप्पर

पत्रे उडाले तेव्हा मी शाळेत होतो. मी एका हायस्कूलमध्ये क्लार्क आहे, आणि मे महिन्यात पोरांना सुट्टी असली तरी क्लार्कला नसते, हे माझ्या बायकोला अजून पटलेलं नाही. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं, वारं सुटलं आणि तिचा फोन आला. एरवी ती आधी माझी एखादी चूक सांगते आणि मग काम सांगते. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "घरी या. वरची खोली गेली."

खोली गेली म्हणजे काय? खोली काय एस्टीत बसून जाते? असा मनातल्या मनात करवादतच मी गाडी काढली. सोलापूरजवळ कुंभारीत आमच्या गल्लीत शिरलो आणि वर बघितलं तर खरंच खोली नव्हती. म्हणजे भिंती होत्या, त्याही अर्ध्या. वर नुसतं आभाळ. एक पत्रा विजेच्या खांबाला गुंडाळला होता आणि बाकीचे पलीकडच्या मोकळ्या प्लॉटात बाभळीत अडकले होते. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर आपण दगड ठेवतो, ते सगळे दगड खोलीत आत पडले होते. एक तर शिवणयंत्राच्या स्टुलावर. आक्का रोज त्या वेळी त्याच स्टुलावर बसलेली असते. नेमकी वाळवणातले पापड गोळा करायला खाली आली म्हणून वाचली. मी जिन्यावरच बसलो.

आक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर वैरागचं. मेव्हणे गेले तेव्हा ती एक पिशवी आणि शिवणयंत्र घेऊन माझ्याकडे आली, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत होतो. तिनं आल्या दिवसापासून शिवायला सुरुवात केली, ती आजतागायत. ब्लाउज, परकर, शाळेचे ड्रेस, काय म्हणाल ते. पुढं गल्लीतल्या पोरी शिकायला यायला लागल्या. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या पोरींना शिकवून शिकवून हिलाही ती भाषा यायला लागली. मला सोलापुरात जन्म काढून चार शब्द येत नाहीत. कर्ज काढून मी खालचं स्लॅबचं घर बांधलं, पण वरची पत्र्याची खोली आक्कानं स्वतःच्या शिवणकामावर चढवली. पत्रे निवडायलाही तीच गेली होती.

आता ती खोलीच उघडी पडली. यंत्रं भिजली, पोरी यायच्या बंद झाल्या. आणि आठ दिवसांत वैरागहून तिच्या धाकट्या दिराचा फोन आला. त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. वहिनी, आता तिथं कशाला राहता, इकडं या, घरात माणूस लागतंयच, असं त्याचं म्हणणं. माणूस लागतंय म्हणजे भाकरी थापायला लागतंय, हे न कळण्याइतके आम्ही खुळे नाही. असे फोन त्यानं आधीही केले होते आणि आक्कानं दरवेळी हसून टाळले होते. या वेळी ती म्हणाली, "बघू." ते 'बघू' ऐकून मला धडकीच भरली. तिला खोली नसली तर ती या घरात फार दिवस थांबणार नाही, हे मला कळून चुकलं.

पण मी निवांत होतो, कारण घराचा विमा होता. घरकर्ज देताना बँकेनंच तो गळ्यात मारला होता. वरची खोली झाल्यावर मी स्वतः जाऊन तीही विम्याच्या कागदात घालून आलो होतो. क्लार्कची जात, कागदात कधी कमी पडायची नाही. मी आक्काला छातीठोक सांगितलं की पोरींना निरोप धाड, दोन महिन्यांत छप्पर होतंय.

मग नुकसान बघायला सर्वेक्षक आला. आमच्या घरी साहेब येणार म्हणजे काय विचारता! बायकोनं शेंगाच्या पोळ्या केल्या. मी खोलीतला राडारोडा एका बाजूला सारून बसायला जागा केली, नवी चादर अंथरली. माणूस मोजकं बोलणारा होता. फोटो काढले, भिंती मोजल्या, अडीच पोळ्या खाल्ल्या. जाता जाता सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं की या खोलीत काय चालायचं?

आता शहाण्या माणसानं काय सांगावं? राहत होतो म्हणावं. पण मला कुठला धीर! पाहुण्यापुढं घरच्या माणसाचं कौतुक केल्याशिवाय आमच्या घशाखाली घास उतरत नाही. मी सुरूच झालो. साहेब, ही आमची आक्का, एकटीच्या जिवावर उभी राहिली, अर्ध्या गल्लीच्या पोरींच्या हाताला हिनं काम दिलं, दिवाळीत इथं पाय ठेवायला जागा नसते. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी ढिगाऱ्यातून 'शिवण क्लास' असं लिहिलेली पाटी ओढून काढली, शर्टाच्या बाहीनं पुसली आणि छातीशी धरून उभा राहिलो. म्हटलं, हिचाही घ्या फोटो. त्यानं घेतला. आक्का दारात पदर तोंडाला लावून उभी होती. "एवढं कशाला सांगतुयास रं," असं पुटपुटली, पण तिला बरं वाटलं होतं. मलाही लई बरं वाटलं होतं.

दीड महिन्यानं कंपनीचं उत्तर आलं. मी शाळेत टेबलावर ते उघडलं आणि वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. दावा नामंजूर. राहत्या घराचा विमा असून वरच्या खोलीत व्यवसाय चालत होता, ही गोष्ट कंपनीला कळवलेली नव्हती, म्हणून. सोबत पुरावा जोडला होता. पुरावा म्हणजे मी. पाटी छातीशी धरून, दात काढून हसणारा. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतात हे ऐकलं होतं, पण धोंडा मारतानाचा फोटो काढून घेणारा मी पहिलाच असेन. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं हो? मी कागद घडी करून खिशात घातला.

घरी आल्यावर मी खोटं बोललो. अजून काही कागद मागितलेत म्हणून सांगितलं. आक्कानं मान हलवली. तिनं वैरागला न्यायची पिशवी आधीच बाहेर काढली होती, ती दिवाणाखाली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. पण समोर बसलेली मुलगी इतकी गोड बोलायला लागली की भांडणाला तोंडच मिळेना. तिनं सगळं ऐकलं आणि आवाज खाली करून वाट सांगितली. फेरविचाराचा अर्ज करा, तिथं व्यवसाय चालत नाही असं लिहा, ती पाटी जुनी आहे म्हणा आणि बहिणीची सही आणा. बहुतेक होऊन जाईल, असंही म्हणाली. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

संध्याकाळी जेवणं व्हायच्या आधीच मी अर्ज लिहायला बसलो. नोकरीच्या सवयीनं आधी कच्चा अर्ज हातानंच लिहितो. लिहून झाल्यावर आक्काला हाक मारली, नकाराचं सगळं खरंखरं सांगितलं, माझ्या तोंडामुळंच हे झालं तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती नुसती हसली.

"तुझं तोंड लहानपनापास्नं असंच हाय की," म्हणाली. "कुटं करायची सही?"

पक्का अर्ज सकाळी टाइप होणार होता, तरी उतावीळपणानं मी कच्च्यावरच सही घ्यायला पेन दिलं. ती सही करण्याआधी वाचते, ही तिची सवय. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, एकेक शब्द. मी शेजारी बसून तिच्या बोटाकडं बघत होतो. विषय झाला, पॉलिसीचा नंबर झाला, वाऱ्याची हकीकत झाली. मग बोट एका ओळीवर आलं आणि तिथंच थांबलं. ती ओळ तिनं मोठ्यानं वाचली.

"सदर खोलीत कोणतेही कामकाज होत नसून माझी विधवा बहीण काही करत नाही व ती पूर्णपणे माझ्यावर अवलंबून आहे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी घाईघाईनं म्हटलं की आक्का, हे नुसतं कागदापुरतं गं, असं लिहावं लागतं, कंपनीला असंच पाहिजे.

"आवलंबून असंबी त्यांनीच लिवायला सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. त्या मुलीनं व्यवसाय चालत नाही एवढंच लिहायला सांगितलं होतं. बाकीचं माझं होतं.

आक्का रडली नाही, ओरडली नाही. रडली असती तर मला काही सुचलं असतं. तिनं पेनाला टोपण लावलं आणि पेन माझ्यासमोर ठेवलं.

"ह्ये खोटं हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"खोटंच आहे," मी म्हणालो. "आख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"मंग लिवताना तुला कुटंच थांबावं वाटलं न्हाय?"

ती उठली आणि आत गेली. दिवाणाखालची पिशवी ओढल्याचा आवाज आला. मी तो कागद उचलून उजेडात धरला. वाऱ्याची तारीख मी दोनदा खोडली होती. खोलीचं माप खोडलं होतं, पत्र्यांचा आकडा खोडला होता, 'महोदय'सुद्धा एकदा खोडून पुन्हा लिहिलं होतं. त्या एका ओळीत कुठंही खाडाखोड नव्हती.