श्रावणअखेरपर्यंतचं भाडं

दादा गेल्याचं मला कार्डानं कळलं. ज्या माणसानं लोणावळ्याच्या स्टेशनात बसून उभा जन्म दुसऱ्यांच्या घरी तारा पाठवल्या, त्याच्या मरणाची तार कुणी केली नाही. त्यानंच तसं बजावून ठेवलं होतं म्हणे... "कार्ड टाका. ती पोचेपर्यंत सगळं उरकलेलंच असणार, मग तारेचे पैसे कशाला?" माझं सासर पार श्रीगोंद्याकडं, आमच्या गावात पोस्टमन उगवेल तेव्हा खरा. कार्ड हातात पडलं तोवर दहावासुद्धा होऊन गेला होता. मी चुलीपुढं होते. भाकरी करपल्याचा वास ओसरीपर्यंत गेला, हे आत आले, तेव्हा कुठं मी भानावर आले. आणि खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी रागच आला. मरतानासुद्धा काटकसर! एवढा कसला मेला तो हिशेब!

आई-वडील प्लेगात गेले तेव्हा दादा सोळा वर्षांचा होता नि मी चार. तळेगावात भाड्याची एक खोली, तीच आमची दौलत. त्यानं तारेचं काम शिकून घेतलं, रेल्वेत चिकटला, मला वाढवलं आणि ऐपतीबाहेर खर्च करून माझं लग्न लावून दिलं. स्वतःचं मात्र "करू की, करू की" म्हणता म्हणता राहूनच गेलं. पाळी बहुतेक रात्रीचीच. घरी झोपला तरी कानात तारयंत्राचं ते कडकट्ट चालूच, दचकून उठून बसायचा. म्हणायचा, "मला फार काही नको, यमे. रात्री आडवं व्हावं आणि सकाळीच उठावं, एवढंच. चाळिशी आली की नोकरी सोडणार मी." माणसं जमीन मागतात, सोनं मागतात. आमच्या दादानं देवाकडं झोप मागितली.

आणि सोडायची म्हणजे काय, नुसतं बोलून मोकळा होणारा तो नव्हे. थोरल्याला घेऊन मी माहेरी गेले होते, तेव्हा घरातला थाट पाहून कपाळावर हात मारला. नोकरी सुटल्यावर जेवढ्यात भागवायचं, तेवढ्यातच पठ्ठ्या आतापासून राहत होता! दिवा एकच. तो स्वयंपाकाच्या कोपऱ्यात नेला की दारापाशी बसलेल्यानं अंधारात देवाचं नाव घ्यायचं. चूल दिवसातून एकदाच पेटायची, संध्याकाळचं सकाळीच शिजवून ठेवायचं. चहा बंद. परटाला धोतर नाही. मी म्हटलं, "अरे, ही नोकरी सोडायची तयारी आहे की देह सोडायची?" तर खो खो हसला. "सवय केलेली बरी गं. पुढं तोंड वाकडं होत नाही." सगळं बसत आलं होतं त्याचं. फंडाचे पैसे पोस्टात ठेवायचे, त्यावर धान्य, सरपण, रॉकेल निघत होतं. घोडं अडत होतं ते एका खोलीच्या भाड्यापाशी. "डाळ पातळ करता येते, यमे," तो म्हणायचा, "भाडं पातळ करता येत नाही."

मग एक दिवस तो सासरी मला भेटायला आला तो उड्या मारतच. लोणावळ्यात मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. शेठचं बिऱ्हाड यायचं मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमाराला. बाकी वर्षभर राखण करायला त्यांना विश्वासू माणूस हवा होता. मागच्या अंगाला राहायला खोली, सरपण बंगल्याचं, वर थोडा पगार. "भाडं गेलं, यमे! खर्चातून भाडंच गेलं!" एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. मी त्याला पाणी दिलं आणि सहज विचारलं, "आणि मी कुठं येऊ रे?" लेकी माहेरी जातात त्या मे महिन्यात, नाहीतर दिवाळीला, आणि नेमका तेव्हाच बंगला भरलेला! त्यानं तोंडाशी नेलेलं भांडं खाली ठेवलं. म्हणाला, "श्रावणात ये. पंचमीला. तेव्हा कुणी नसतं."

तर आमचं माहेर श्रावणातलं. लोणावळ्याच्या पावसात कोण शहाणं माणूस जातं? पण मी जायची. बंगल्याला चारी बाजूंनी गवताच्या ताट्या बांधलेल्या, आत भर दुपारी कातरवेळ. खुर्च्या-पलंगांवर पांढऱ्या चादरी. दादा शेगडी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचा, मालकांच्या गाद्यांना बुरशी धरू नये म्हणून. मी दमून एका खुर्चीत टेकले तर म्हणाला, "तिथं नको बसू. मालकांची आहे." मी म्हटलं, "मालक मुंबईला आहेत." म्हणाला, "तरी." म्हणून मग आम्ही बहीणभाऊ त्या एवढ्या थोरल्या घरात चुलीपाशी पाटावर बसून जेवायचो. झोका तेवढा मात्र त्यानं कधी चुकवला नाही. पंचमीला व्हरांड्याच्या तुळईला दोर टाकायचा आणि तीस वर्षांच्या दोन पोरांच्या आईला मागून ढकलायचा. "अरे मेल्या, पडेन!" मी ओरडायची. पावसाच्या आवाजात ते ऐकायलाही कुणी नसायचं. रात्री मात्र त्याला गाढ झोपलेला बघून बरं वाटायचं.

पुढं लढाई आली. मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून माणसं घरदार घेऊन घाटावर पळाली, आणि शेठची मंडळी लोणावळ्याला आली ती राहिलीच. पावसाळ्यातसुद्धा! दादाची खोली त्यांच्या स्वयंपाक्याला गेली, दादाचं अंथरूण सरपणाच्या खोपीत. त्याचं कार्ड आलं, "यंदा येऊ नको." तो कार्डातसुद्धा शब्द मोजून लिहायचा, उरलेली जागा कोरीच असायची. पुढच्या वर्षी मी न विचारता गेले. दादानं खोपीतच झोका बांधला होता. छप्पर हे एवढं ठेंगणं. बसले तर पाय जमिनीवर फरफटायला लागले. बंगल्याचा धोंडीबा माळी दारात उभा होता, तो म्हणाला, "आवो आबा, ताईचं पाय भुईला घासत्यात की! हा झोका न्हाई, कुळव झाला." आम्ही तिघंही हसलो. हसता हसता माझं रडू कधी सुरू झालं कळलं नाही. धोंडीबा गुपचूप निघून गेला. दादा दोर सोडत म्हणाला, "यमे, मी सगळं धरलं होतं गं हिशेबात. तू तेवढी राहिलीस."

त्यानंतर त्यानं जे केलं त्याला काय म्हणावं मला अजून कळत नाही. लढाईमुळं रेल्वेला माणसं कमी पडत होती, जुन्या तारबाबूंना परत घेत होते. हा जाऊन पुन्हा त्याच टेबलाशी बसला. रात्रपाळीवर! मी भांडले, "डोकं फिरलंय का तुझं? झोपेसाठी जन्म काढलास ना?" म्हणाला, "दोन-तीन वर्षं गं. पुढं झोपायचंच आहे." यंदा ज्येष्ठात कार्ड आलं. "तळेगावात खोली धरली. श्रावणात ये. महिनाभर." महिनाभर! मी शेजारणींना दहादा वाचून दाखवलं. आषाढात पाळीवरून भिजत आला, छाती भरली, तीन दिवसांत संपला.

तरी मी आले. ह्यांना म्हटलं, खोली माझ्यासाठी धरली होती, मी जाणार. घरमालकीण आमिना मावशी, बांगड्या भरणाऱ्या मणेराच्या घरातली. दादा गेल्याचं कार्ड तिनंच कुणाकडून लिहवून घेतलेलं. मी भाड्याचं विचारलं तर म्हणाली, "श्रावणअखेरपर्यंतचं देऊन ठेवलंय त्यांनी. तोवर घर तुझं." कुलूप काढून दिलं. आत एक पाट, एक दिवा, चहाची नवी पुडी, आणि मधल्या तुळईला झोका बांधलेला. मावशी म्हणाली, "उंची बघायला मला बसवलं गं या वयात! म्हणाले, 'माझी बहीण तुमच्याएवढीच आहे.' दोनदा सोडला, दोनदा बांधला." पंचमीला तिनं माझा हात ओढून घेतला आणि हिरव्या बांगड्या भरल्या. पैसे काढले तर रागावली, "मावशी म्हणतेस ना?"

महिनाभर मी एकटी राहिले. मला वाटलं होतं, माहेर म्हणजे बसायला जागा. जागा आहे, अख्खी आहे, कुठंही बसा, कुणी नको म्हणणारं नाही... आणि बोलायला भिंती. चूल दोनदा पेटवते. चहा करते नि दोन पेले भरते, मग चडफडत दोन्ही पिते. लोणावळ्याहून रात्रीची गाडी येते तेव्हा कान दाराकडं जातात, जाऊ नयेत तरी जातात.

उद्या श्रावण संपतोय. मावशी सकाळी डोकावून विचारून गेली, "दोर सोडायला पोराला पाठवू का?" म्हटलं, उद्या. खोली झाडली, पाट भिंतीला उभा केला, आणि आता झोक्यावर बसून हे लिहिते आहे. ढकलायला कुणी नाही, त्यामुळं तो जागीच आहे. पण पाय जमिनीला टेकत नाहीत. दादानं बरोबर मापून बांधलाय.