खुनी पोस्टरवरच होता

त्या पोस्टरवरची सावली मी टाकली होती आणि नाव सांगितलं माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीचं. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःला सोडवून घेईन.

कोथरूडमध्ये आम्ही सिनेमांची पोस्टरं करतो. तो एक रहस्यपट होता. घरातल्याच माणसाने केलेला खून. तिने पहिलं चित्र दाखवलं. फ्लॅटचं बंद दार, बाहेर चपला. सगळ्या चपलांची तोंडं दाराकडे, आपण आत जाताना काढतो तशी. एकाच जोडाची जिन्याकडे.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"कुणीतरी निघालं होतं, सर. पण गेलं नाही."

बस, एवढंच. रक्त नाही, सुरा नाही. रहस्यपटाच्या पोस्टरने खरं तर इतकंच करायचं असतं. एक वस्तू जराशी चुकीची ठेवायची आणि गप्प बसायचं. दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं, की पुढच्या सिनेमाचं पोस्टर तुलाच देतो, असं तो तिला म्हणाला.

निर्माते मात्र म्हणाले, "अहो, चपलांचं दुकान काढलंय का? चेहरे कुठायत?"

सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नाही.

मग नेहमीचंच. सगळ्या नटांचे चेहरे, निळा अंधार, लाल अक्षरं, सिनेमाच्या नावाला तडा. दर खेपेला हेच करायला लावतात, दर खेपेला मी करतो आणि वर चिडतो. त्या चिडीतच वाटलं, निदान थोडं तरी गूढ राहू दे. म्हणून एक चेहरा अर्धा काळोखात बुडवला. पटकथा मी वाचलेली होती. खुनी ठाऊक असलेला माझा हात नेमका त्याच्याच तोंडावर गेला आणि पोस्टर लागेपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नाही.

थिएटरबाहेर एक गृहस्थ पोस्टर बघून बायकोला म्हणाले, "खुनी बाहेरच लावलाय. आत आता फक्त एसीसाठी जायचं."

दिग्दर्शकाचा फोन आला. "कुणी केलं हे?"

"नवी मुलगी आहे. शिकतेय अजून," मी म्हणालो.

ती शेजारच्याच टेबलावर होती. कानात हेडफोन होते, पण गाणं चालू नसावं. पुढच्या सिनेमाचं काम तिच्या हातून गेलं.

त्यानंतर ती "हो सर", "झालं सर" यापलीकडे बोलेना. मी निर्मात्यांवर चिडत राहिलो, प्रेक्षकांवर चिडत राहिलो. एकदा डबा खाताना म्हणालो, "लोकांना रहस्य नकोच असतं."

ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "असं कसं, सर? खुनी कळला लोकांना. पोस्टर कुणी केलं, ते कुठे कळलं?"

डबा तसाच ठेवला. बाहेर जाऊन दिग्दर्शकाला फोन लावला. सावली माझी होती, असं सांगितलं. तो म्हणाला, "ते काम दुसऱ्याला दिलंय आता."

मी तिच्या टेबलापाशी गेलो. तिने हेडफोन काढले.

"सावली मी टाकली आणि घाबरून नाव तुझं घेतलं. आत्ता त्यांना खरं सांगितलं, पण तुझं काम गेलं ते गेलंच. माझं चुकलं. मला माफ कर."