मंगळवारी सुटणारी गाठ

दर वर्षी वेळ अमावस्येला मी लोहाऱ्याहून तामलवाडीला माहेरी जाते. आमच्याकडे या सणाला येळवस म्हणतात. सगळं घर शेतात जातं, कडब्याची कोप म्हणजे छोटी खोपी उभी करून पूजा होते आणि मग पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल असं हाणून माणसं तिथंच बांधावर आडवी होतात. मी शाळेत शिकवते. वर्षभर पोरांना गप्प बसवून माझा घसा बसलेला असतो. त्या दिवशी माझ्याशी कुणी फार बोलू नये आणि माझं ताट रिकामं राहू नये, एवढीच माझी माहेराकडून अपेक्षा असते.

गेल्या येळवशीला माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, पहिलीत होता. पहिलीत असून त्याचं जावळ निघालेलं नव्हतं. आमच्याकडे जावळ काढायचं ते तुळजापूरला, देवीच्या दारात, मामाच्या मांडीवर. आत्यानं ते पदरात झेलायचं. पण पोराच्या पहिल्या वर्षी माझे वडील, आबा, गेले, त्यामुळे ते वर्ष सोडावं लागलं. पुढं मामा अडला. मामा फौजेत. रजा मिळाली म्हणून फोन यायचा, आम्ही नारळ-खण आणायचो, की रजा रद्द झाल्याचा फोन यायचा. मामाशिवाय जावळ नाही आणि रजेशिवाय मामा नाही, असं करत करत पोराचे केस कमरेला टेकले.

ते केस सांभाळणं हा माझ्या भावजयीचा धर्मच होऊन बसला होता. केस पोराचे नाहीत, देवीचे आहेत, आपल्याकडे नुसते ठेवायला दिलेत, असं ती म्हणायची. शाळेत कुणी पोरगी म्हणून चिडवू नये आणि एकही केस इकडं-तिकडं पडू नये म्हणून ती डोक्याच्या मधोमध कचकचून बुचडा बांधायची. तेल लावून केस चापून वर ओढायचे, त्यावर दोन काळे रबर आणि वरून देवीचा लाल नाडा. झोपतानाही तसंच. फक्त मंगळवारी, देवीच्या वारी, ती गाठ सोडायची. न्हाऊ घालून दिवसभर केस उन्हात मोकळे वाळवायचे, संध्याकाळी दिवे लागले की पुन्हा बुचडा.

पोरगं रोज सकाळी डोळे उघडले की विचारायचं, "मम्मी, आज मंगळवार हाय?" याचं आमच्या घरात फार कौतुक. भाऊ तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "देवीचं लेकरू हाय ओ ते. वार इचारल्याबिगर चहा घेत न्हाय." मीसुद्धा हे कौतुकानं शाळेत सांगितलं होतं.

त्या दिवशी दुपारी ऊन चढलं म्हणून भावजयीनं त्याची माकडटोपी काढली. मी आंबिल पीत होते. पोराचं कपाळ मला एकदम मोठं दिसलं. "ह्याचं कपाळ आबांवर गेलंय," असं मी हसत म्हटलं आणि त्याला जवळ ओढला. मग माझं हसू गेलं.

कपाळाच्या वरपासून दोन्ही कानांपर्यंत केसच नव्हते. बोटभर रुंदीची पट्टी, गुळगुळीत. जिथून केस सुरू होत होते तिथं लाल पुटकुळ्या उठलेल्या. गाठीच्या ओढीनं भुवया इतक्या वर गेलेल्या की पोराचा चेहरा सारखा दचकल्यासारखा दिसत होता. आणि टोपीखालचं हे मी आजवर बघितलंच नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला.

"हे काय गं?"

"चाई लागलीया, वन्सं," भावजय उंडा मोडत म्हणाली. "लसूण चोळतीया की रोज. म्हणून तर गाठ जरा आवळून बांधतीया आता. ऱ्हायलेले तरी गळू नयेत."

ती हे इतक्या शांतपणे बोलली की मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं बघतेय. आमच्याकडे डोक्यावरचे केस चकत्या पडून गेले की चाई लागली म्हणतात आणि लसूण चोळतात. पण असल्या कोवळ्या कातडीवर, रोज? माझा आवाज चढला. भाऊ म्हणाला, "अक्का, सणाच्या दिवशी कशाला?" मी म्हटलं, सण गेला खड्ड्यात. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की माहेरी कुणी मध्ये पडत नाही. दुसऱ्या दिवशी सोलापूरला कातडीच्या डॉक्टरकडं जायचं ठरलं.

डॉक्टरबाई माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी दिव्याचं भिंग लावून पोराचं डोकं सगळीकडून पाहिलं, बुचडा हातानं चाचपला आणि म्हणाल्या, "ही चाई नाही. ही ओढ आहे."

मला आणि भावजयीला कळेना. मग त्यांनी नीट सांगितलं. चाई कुठंही गोल पडते. हे मात्र नेमकं जिथं केसांवर ताण येतो तिथंच गेलं होतं. रात्रंदिवस केस ओढला गेला की मूळ सैल होतं, केस निघून येतो. तरीही ओढत राहिलं की मूळच मरतं आणि मग तिथं केस येत नाही.

"म्हणजे गाठीनं?" मी विचारलं.

"गाठीनंच. आणि गळतात म्हणून तुम्ही अजून आवळत गेलात."

भावजय एकदम खुर्चीवरून पुढं सरकली. "न्हाय ओ डाक्टर! एक केस वाया जाऊ दिला न्हाय म्या." आणि तिनं पिशवीतून लाल खणाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. फणीत आलेला, उशीवर पडलेला प्रत्येक केस तिनं त्यात ठेवला होता, जावळाबरोबर देवीला द्यायला. देवीसमोर पुरावा ठेवावा तसं तिनं ते मोठ्या अभिमानानं उघडलं. आत मूठभर केस होते. एवढ्याशा पोराचे मूठभर केस! डॉक्टरबाईंनी त्यातला एक चिमटीत धरून उजेडात नेला. त्याच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका होता.

"हा तुटलेला नाही. मुळासकट आलाय. बघा, बहुतेक सगळे तसेच आहेत."

भावजय त्या खणाकडं बघत राहिली. तिचा रंग उडाला होता.

उजवीकडं बारीक लव दिसतेय, ओढ थांबली तर तिथं केस परत येतील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. डाव्या कानाच्या वर कातडी चकाकत होती, तिथलं वचन त्या देईनात. पुटकुळ्यांना मलम दिलं. लसूण बंद, तेल चापणं बंद, रबर बंद. "जावळ कधी काढायचं ते तुमचं तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "गाठ मात्र आज सुटली पाहिजे." आणि त्यांनी हात पुढं केला.

भावजयीनं दोन्ही तळवे पोराच्या बुचड्यावर ठेवले. "मंगळवारी सोडते."

तो गुरुवार होता. मी तिथंच भडकले. डॉक्टरबाईंसमोर नको नको ते बोलले. पोराच्या केसांचं मूळ मरतंय आणि तू वार बघतेस? ती रडायला लागली. "बोललीया मी देवीला. मंगळवारबिगर सुटणार न्हाय, माझा भाऊ फौजेतनं माघारी येऊस्तवर एक केस सांडणार न्हाय. मधीच सुटली आन तिकडं त्याला काय झालं तर, वन्सं?"

इतकी वर्षं ती जावळ सांभाळतेय असं आम्ही समजत होतो. ती आपल्या भावाचा जीव बांधून ठेवत होती, आणि घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी तिच्या भावाला फोन लावला. नशिबानं लागला. सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर टाकून भावजयीपुढं धरला. तो तिला म्हणाला, "ताई, माझ्यापायी लेकराचं डोस्कं सोललंस व्हय? देवी असलं मागत न्हाय. आजच्या आज जावळ काढा. आत्याच्या मांडीवर बसवा."

सोलापूरहून आम्ही सरळ तुळजापूरची गाडी धरली. तामलवाडीच्या फाट्यावर भाऊ नारळ घेऊन गाडीत चढला.

तुळजापुरात जावळ काढणाऱ्या न्हाव्यासमोर मी पोराला मांडीवर घेऊन बसले. मामाच्या जागी मी बसले, मग झेलायला आत्या उरली नाही, म्हणून भावजयीनंच पदर पसरला. पण गाठ तिनं कुणाला सोडू दिली नाही. आधी नाडा काढला, मग एक रबर, मग दुसरा. केस दोन्ही खांद्यांवर पडले. वर गेलेल्या भुवया खाली आल्या आणि पोराचा खरा चेहरा मला दिसला.

पोरानं डोकं इकडून तिकडं हलवलं. थांबलं. पुन्हा हलवलं.

"आत्या, आज मंगळवार हाय?"

"नाही रे. गुरुवार."

ते विचारात पडलं. "मग डोस्कं कसं दुखंना?"

न्हाव्याचा हात थांबला. भावजयीनं पदर तसाच धरून विचारलं, "कवा दुखतं रं डोस्कं?"

"रोजच. मंगळवारी तेवढं न्हाय दुखत." आणि आई अशी का बघतेय हे न कळून ते म्हणालं, "समद्यांचंच दुखतं की. तुझं न्हाय दुखत?"

लहान असताना फणी फिरली की ते रडायचं. मग रडायचं थांबलं. सवय झाली असं आम्ही म्हटलं. दुखणं नसलेलं डोकं कसं असतं हे त्याला आठवड्यातून एकच दिवस कळत होतं, आणि त्या दिवसाची वाट बघण्याला आम्ही भक्ती समजून मिरवत होतो. मला माझीच शिसारी आली. भावानं तोंड फिरवलं. भावजय रडली नाही. केस पदरात पडत होते, पण ती केसांकडं बघतच नव्हती, पोराच्या तोंडाकडं बघत होती. शेवटी न्हाव्याला सांगावं लागलं की ताई, पदर सांभाळा, केस खाली सांडायलेत. "सांडू द्या," ती म्हणाली.

होळीपर्यंत उजवीकडं केस भरून आले. डावीकडं कानाच्या वर अंगठ्याएवढी जागा अजून मोकळी आहे. डॉक्टरबाई अजूनही हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. मामा उन्हाळ्यात धडधाकट येऊन आमरस खाऊन गेला. त्यानं भाच्याला मांडीवर घेतलं आणि त्या जागेवरून हात फिरवला.

यंदाच्या येळवशीला पोरगं बांधावरून माझ्याकडं आलं. बुटाची नाडी सुटून लोळत होती. "आत्या, तू बांध. मम्मी लई ढिल्ली बांधती, सारखी सुटती." भावजय कोपीपाशी ताटं मांडत होती. तिनं ऐकलं आणि पुढचं ताट मांडलं. मी पोराचा पाय मांडीवर घेऊन नाडी बांधली.

"घट्ट झाली का रे?" मी विचारलं.

ते लगेच नाही म्हणालं नाही. पाय इकडं-तिकडं हलवून पाहिला, खाली बघून विचार केला आणि म्हणालं, "जरा."

मी नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.