मोठ्या गुरुजींचं माहितीचं कपाट

राजेश्वर गावच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा गोष्टींची पुस्तकं पोरांनी वाचून वाचून फाडली होती आणि माहितीची पुस्तकं पेटीत कोरी करकरीत पडली होती. निजामाचं राज्य जाऊन आमचा भाग म्हैसूर राज्यात आला त्याला बरीच वर्षं झाली होती. तरी पेटीतली निम्मी पुस्तकं निजामाच्या काळातली, उर्दू. बाकीची मराठी आणि कन्नड. एक कपाट मिळालं तेव्हा आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे गुरुजी म्हणत, मला म्हणाले, "बाई, ही मांडूया."

मी भाषेप्रमाणे तीन ढीग केले. गुरुजींनी ते मोडले. "लेकरू पाखराचं पुस्तक मागायलंय. कन्नडचं मागंना, मराठीचं बी मागंना."

मग एका कप्प्यात पाखरं, एकात पाणी, एकात माणसाचं अंग, सगळ्यात वर चांदण्या. तिन्ही भाषा शेजारी शेजारी. मला उर्दू येत नव्हतं. आपल्या सवयीनं मी त्या पुस्तकांच्याही 'पहिल्या' पुठ्ठ्यावर चिठ्ठ्या डकवल्या. गुरुजी पोट धरून हसले. "बाई, शेपटीला कुंकू लावलात की! ह्याचं तोंड तिकडल्या बाजूला हाय." मी चिडले, पण चिठ्ठ्या काढून पुन्हा डकवल्या.

गुरुजींचं घर मराठी, बाजार कन्नड, पण शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. ग्रहण कसं लागतं, काळीज कसं धडधडतं हे त्यांना त्या भाषेतच कळलेलं होतं. शनिवारी शाळा सुटली की पोरं कपाटापाशी गोळा व्हायची. "गुरुजी, वटवाघूळ उलटं कामून लटकायलंय?" गुरुजी पुस्तक काढायचे, ओळीवर बोट ठेवायचे, उजवीकडून डावीकडे सरकवत आधी उर्दूत वाचायचे आणि मग आमच्या बोलीत सांगायचे. ओळीवर बोट ठेवल्याशिवाय एक शब्द सांगायचे नाहीत. एरवी अबोल असणारा हा माणूस त्या तासाभरात इतका खुलायचा, की मीही घरी जायचं विसरायचे.

एकदा मी म्हटलं, "तुम्हाला पाठ आहे की सगळं."

"पाठ हाय म्हणून खरं हाय का? पुस्तकाला विचारून सांगावं."

तिसऱ्या वर्षी वरून हुकूम आला. शाळेत जी भाषा शिकवत नाहीत तिची पुस्तकं ती शिकवणाऱ्या शाळेत पाठवावीत. उर्दू शाळा हुमनाबादेत होती. मी गुरुजींना सरळ म्हटलं, वाळवीनं खाल्ली म्हणून कळवू. इथं कोण बघायला येणार आहे? सरळ बोटानं तूप निघत नाही.

"तूप त्या लेकरांचं हाय, बाई," गुरुजी म्हणाले. "त्यांना वाचता येतंय. हितं माझ्याबिगर कुणाला येतंय?"

ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. त्यांनी स्वतः गठ्ठे बांधले आणि बसच्या टपावर चढवून दिले. कपाटात मधेमधे खिंडारं पडली. चांदण्यांच्या कप्प्यात तर कन्नडचं एकच पुस्तक उरलं, तेही पातळ.

पुढच्या शनिवारी पोरं आलीच. एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, दिवसा चांदण्या कुठं जायलेत?" हे त्यांनी आधी किती वेळा सांगितलं असेल! मला वाटलं, आता तरी तोंडी सांगतील. गुरुजी कपाटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाईंना विचार."

मी ते पातळ कन्नड पुस्तक आणि मराठी पुस्तकं चाळली. त्यात ते नव्हतं. नंतर मी त्यांच्याशी भांडले, विनवण्याही केल्या. "चुकलं तर लेकराच्या डोक्यात जन्मभर चुकीचं राहील," एवढंच ते म्हणाले. हळूहळू पोरं शनिवारी थेट घरी जाऊ लागली. त्या माणसाचा खरेपणा मला तेव्हा हट्ट वाटायचा. आज त्याचा मान वाटतो, पण हळहळ काही कमी होत नाही.

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात चौथीतला एक मुलगा बोलायला उभा राहिला. त्यानं ते शनिवार पाहिलेच नव्हते. तो म्हणाला, "आमचे मोठे गुरुजी लई चांगले हायत. ते कधीच काही बोलत न्हाईत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनीही वाजवल्या.